सैनिकाच्या कमरेचे माप

पावसाळा सरत आला आणि मावळातील भातखाचरे पिवळी पडू लागली, की लोणावळा, कामशेत, वडगाव या गावांबाहेरच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात एक निराळीच वर्दळ सुरू होते. सतरा-अठरा वर्षांपासून पंचविशीपर्यंतची मुले, आणि अलीकडे मुलीही, मनगटावरील घड्याळाकडे पाहात धावत असतात. कोणाला अग्निवीर व्हावयाचे असते, कोणाला पोलीस शिपाई. नाणे मावळ, पवन मावळ आणि आंदर मावळ या खोऱ्यांतील अनेक घरांत वर्षभर चर्चा असते ती याच एका परीक्षेची. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण पन्नास. त्यांपैकी वीस सोळाशे मीटर धावण्याला असतात; तेव्हा प्रत्येक जण आपली वेळ सेकंदासह तोंडपाठ सांगू शकतो. उंची किती हेही त्याला ठाऊक असते, आणि छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर व फुगवून त्यात पाच सेंटीमीटरांची भर, हा पोलिसांचा दंडकही.

या मुलांना बहुधा ठाऊक नसते ते एवढेच, की धावण्यात पहिला आलेला गडीही पुढे वैद्यकीय तपासणीच्या खोलीत वजनकाट्यावर अडू शकतो. सैन्यदलांच्या तपासणीत उंची आणि वय यांनुसार वजनाचा तक्ता असतो. त्या तक्त्यापलीकडे काटा गेला, की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. वजन कशाचे आहे, स्नायूंचे की चरबीचे? प्रस्तुत लेखाचा विषय हा न विचारला जाणारा प्रश्न आणि त्याचे उत्तर एका साध्या फितीने मिळविण्याची खटपट हा आहे.

विमेवाल्यांचा तक्ता, नौदलाचा डॉक्टर

उंचीच्या मानाने वजन किती असावे हा विचार प्रथम सैनिकांसाठी झालेला नाही. केत्ले हा बेल्जियन गणिती १८३०च्या दशकात 'सरासरी मनुष्या'च्या शोधात होता, तेव्हा वजन हे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे त्याच्या ध्यानात आले. त्याच गुणोत्तराला पुढे १९७२ साली अँसेल कीज यांनी 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. मधल्या काळात अमेरिकेतील आयुर्विमा कंपन्यांनी आपल्या विमेदारांच्या नोंदींवरून वजनाचे तक्ते बनविले. कोणत्या वजनाचा माणूस लवकर मरतो, हा त्यांचा सरळ व्यापारी प्रश्न होता. सैन्यभरतीचे तक्तेही याच विचाराच्या वळणावर गेले. आणि विमा उतरविण्यास योग्य असा मनुष्य लढण्यासही योग्य, असे काहीसे विचित्र समीकरण रूढ झाले.

त्याला पहिला मोठा धक्का दिला तो आल्बर्ट बेंके या अमेरिकी नौदलातील डॉक्टराने. बेंके पाणबुड्यांचे वैद्यक जाणणारा. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन शरीरात विरघळतो, आणि तो पाण्यापेक्षा चरबीत सुमारे पाचपट अधिक विरघळतो. लठ्ठ पाणबुड्या वर येताना अधिक धोक्यात का असतो, याचे उत्तर त्यात होते. म्हणून शरीरात चरबी नेमकी किती, हे जाणण्याची गरज या माणसाला विमा कंपनीपेक्षा कितीतरी अधिक निकडीची वाटली. त्याने आर्किमिडीजचाच मार्ग धरला. माणसाचे वजन हवेत करावयाचे, मग पाण्यात बुडवून करावयाचे, आणि त्यावरून घनता काढावयाची. चरबीची घनता सुमारे ०.९, आणि स्नायू, हाडे, पाणी या उरलेल्या देहाची सुमारे १.१. घनता जितकी कमी, तितकी चरबी अधिक.

वेलहॅम आणि बेंके यांनी १९४२ साली पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंचे असे वजन केले. दुसरे महायुद्ध ऐन भरात आलेले. प्रचलित तक्त्याप्रमाणे त्या पंचविसांपैकी सतरा जण लष्करी सेवेस अपात्र, कारण वजन जास्त. पाण्यातील वजनाने मात्र दाखविले, की त्या सतरांपैकी अकरा जणांच्या अंगात चरबी अल्प होती. जास्तीचे वजन होते ते स्नायूंचे. सैन्याने ज्यांना आनंदाने घ्यावे अशा माणसांना काटा दारातून परत पाठवीत होता. मापात पाप म्हणतात ते नेहमी दुकानदाराच्याच हातून घडते असे नाही.

कंबर वजा मान

पण भरतीच्या मैदानावर पाण्याचा हौद कोठून आणावयाचा? उघड्यानागड्या शेकडो उमेदवारांना श्वास पूर्ण सोडून बुडी मारावयास कसे लावावयाचे? अमेरिकी संरक्षण खात्याने १९८१ साली आपल्या सर्व दलांना वजनाऐवजी चरबीचे प्रमाण हाच अंतिम निकष मानावयास सांगितले, तेव्हा ही अडचण उभी राहिली. तिचे उत्तर सॅन दिएगो येथील नौदलाच्या आरोग्य-संशोधन केंद्रातील हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ साली काढले. त्यांनी नौसैनिकांच्या देहाची अनेक ठिकाणची मापे फितीने घेतली, त्याच माणसांची घनता पाण्यातील वजनाने काढली, आणि कोणती मापे त्या घनतेशी सर्वांत चांगली जुळतात ते पाहिले. पुरुषांच्या बाबतीत उरली ती तीनच मापे: उंची, मान आणि बेंबीपाशी कमरेचा घेर. स्त्रियांसाठी नितंबांचा घेर त्यांत मिळविला. वजन या सूत्रात कोठेच नाही, ही गोष्ट पुन्हा एकवार सांगण्याजोगी आहे.

सूत्राचे तर्कट असे. चरबी साठते ती प्रामुख्याने पोटावर. मान मात्र अंगच्या स्नायूंचा आणि हाडापेराचा अंदाज देते. म्हणून कमरेच्या घेरातून मानेचा घेर वजा करावयाचा, त्या वजाबाकीचा लॉग घ्यावयाचा, उंचीचाही लॉग घ्यावयाचा, आणि ठरलेल्या गुणकांनी घनता काढून तिची टक्केवारी करावयाची. ज्यांनी शाळेत लॉगटेबलाच्या पुस्तिकेशी झटापट केली आहे त्यांना हे सहज जमेल. त्या पुस्तिकेचा संसारात कधी काही उपयोग होतो का, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिक्षकांनी हे उदाहरण जरूर ठेवावे.

उदाहरणादाखल दोन माणसे कल्पू. एक तालमीतला गडी: उंची १७० सेंटीमीटर, वजन ८४ किलो, मान ४३, कंबर ९०. त्याचा बॉडी मास इंडेक्स येतो २९. तक्त्याच्या दृष्टीने तो सरळसरळ लठ्ठ. फितीच्या सूत्राने त्याच्या अंगातील चरबी येते १७.८ टक्के. दुसरा कचेरीत बसून काम करणारा गृहस्थ: उंची १६५, वजन ६० किलो, मान ३४, कंबर ८६. त्याचा निर्देशांक २२, म्हणजे अगदी आदर्श. काट्यावर उभा राहिला तर डॉक्टर पाठ थोपटतील. फितीने त्याची चरबी निघते २२.४ टक्के. बारीक मानेने आणि सुटू लागलेल्या पोटाने त्याचे बिंग फोडले. अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या दलांना घालून दिलेली कमाल मर्यादा पुरुषांस २६ आणि स्त्रियांस ३६ टक्के होती. तेव्हा दोघेही त्यात बसले असते. पण डोंगर चढण्याच्या शर्यतीत कोणावर पैज लावावी हे सांगण्यास फीत पुरेशी आहे, काटा नाही.

याचा अर्थ फीत निर्दोष आहे असा मात्र नव्हे. त्याच पैलवानाच्या कमरेवर टेप दोन सेंटीमीटर सैल धरली आणि ९० ऐवजी ९२ वाचले, तर १७.८चे १९.३ टक्के होतात. दोन सेंटीमीटर आवळली तर १६.२. म्हणजे बोटभर रुंदीच्या हलगर्जीपणाला दीड टक्क्याची किंमत. शिवाय सूत्राचा अंगचा दोष वेगळाच. पाण्यातील वजनाने निघणारा आकडा आणि फितीचा आकडा यांत तीन-चार टक्क्यांची तफावत सहज पडते. एखाद्याची मान उपजतच सडपातळ व लांब असेल तर त्याला उगाच दंड पडतो. शिंप्याकडची कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते; ती घेर खराहून कमी दाखविते, आणि मग अन्याय उलट्या दिशेने होतो. खुद्द अमेरिकी भूदलाने २०२३ साली मान आणि नितंब यांची मापे सोडून दिली आणि बेंबीपाशी एकच माप व वजन यांवरून चरबी काढण्याची नवी पद्धत घेतली. चाळीस वर्षे वापरलेले सूत्रही तेथे पवित्र मानले गेले नाही, ही गोष्ट आपल्या तक्त्यांच्या पुजाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

लोणावळ्याचा श्वास

भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोणावळ्यात 'आयएनएस शिवाजी' ही नौदलाची संस्था आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ती स्थापन झाली, आणि जहाजांची इंजिने चालविणाऱ्या व सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांचे व नाविकांचे शिक्षण तेव्हापासून येथे होते. ओडिशातील चिल्का येथे प्राथमिक शिक्षण आटोपून कोवळी पोरे या घाटमाथ्यावरच्या पावसात येतात. जहाजाच्या पोटातील इंजिनघराचा उकाडा, अरुंद झडपांतून वरखाली जाणे, आग लागल्यास मुखवटा चढवून धुरात शिरणे, ही सारी त्यांची पुढील नोकरी. चरबी ही उष्णता अडवून धरणारी गोधडी होय. अशा जागी ती किती आहे हा प्रश्न शोभेचा नसून जिवाशी निगडित आहे. बेंकेच्या पाणबुड्यांइतकाच तो येथेही खरा.

याच गावात आणखी एक संस्था आहे, आणि तिचा या विषयाशी असलेला संबंध चटकन कोणाच्या ध्यानात येणार नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योग-मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगाविषयी भारावून बोलणारे त्या काळीही पुष्कळ होते. कुवलयानंदांनी बोलण्याऐवजी मोजले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत दाब किती उतरतो हे त्यांनी दाबमापकाने पाहिले, आणि नौलीत मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या निर्वातास आपल्या गुरूंचे स्मरण म्हणून 'माधवदास निर्वात' असे नाव दिले.

आता उड्डियान म्हणजे काय? श्वास सोडून पोट आत, वर, बरगड्यांखाली ओढून घेणे. जाणता साधक ते करतो तेव्हा त्याच्या पोटाच्या जागी अक्षरशः खळगा पडतो. भरतीतील उमेदवार किंवा वार्षिक तपासणीला आलेला हवालदार फीत पाहाताच जे करतो तेही याचेच बाळबोध रूप! पोट आत घेतलेल्या माणसाची कंबर मोजणे म्हणजे दाबून धरलेल्या स्प्रिंगची लांबी मोजणे होय. म्हणून या मापाचा पहिला नियम असा, की माणसाने हात खाली सोडून सरळ उभे राहावे, नेहमीसारखा श्वास सोडावा आणि तो सुटल्याच्या क्षणी माप घ्यावे. फीत ताणणारी नसावी, जमिनीस समांतर असावी, कातडीस टेकावी पण रुतू नये. मानेचे माप कंठमण्याच्या खाली. प्रत्येक माप दोनदा, आणि दोहोंत फरक पडला तर तिसऱ्यांदा.

छातीच्या मापाचे नेमके याच्या उलट आहे. तेथे फुगविण्यालाच गुण. पाच सेंटीमीटर छाती फुगवून दाखविणे ही फुप्फुसांची चाचणी म्हणून जुन्या काळापासून चालत आली. पण फुगविण्याची युक्ती शिकविता येते, आणि ती पढविणारे गल्लोगल्ली आहेत. आपली फीत अजून छातीभोवतीच फिरते. मानेभोवती आणि कमरेभोवती ती क्वचित जाते. स्त्री-उमेदवारांच्या छातीची मापे घेण्याच्या प्रथेवर राजस्थान उच्च न्यायालयाने २०२३ साली वनरक्षक भरतीच्या एका प्रकरणात कडक ताशेरे ओढले आणि फुप्फुसांची क्षमता अजमावण्याचे अन्य उपाय शोधण्यास सांगितले. नौदलात २०२२च्या अग्निवीर भरतीपासून स्त्रिया नाविक म्हणूनही येऊ लागल्या आहेत. माप कोणी घ्यावे, कोठे घ्यावे, कोणासमोर घ्यावे, हा प्रश्न मापाच्या शास्त्राइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

पुण्याने दाखविलेली गोम

मग अमेरिकी नौदलाचे सूत्र जसेच्या तसे उचलून लोणावळ्यास लावावे काय? येथे मात्र थांबावयास हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर आणि सोबत दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. अंगातील चरबी मात्र युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! वैद्यकीय वाङ्मयात या जोडछायाचित्राइतका बोलका पुरावा क्वचितच छापला गेला असेल, आणि आपलाच देह पुराव्यादाखल पुढे करणारा संशोधक तर त्याहून विरळा.

ही वैयक्तिक लहर नव्हती. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व मुले यांचा मागोवा घेत होते. तेथील नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच बाबतींत लहान भरली. पण त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. कमतरता होती ती स्नायूंची व पोटातील अवयवांची. दिसावयास बारीक, आतून मेदयुक्त, असा हा देह जन्मापासूनच घडतो. मधुमेह आपल्याकडे किडकिडीत माणसांना आणि तोही तरुणपणी का गाठतो, त्याचे एक कारण येथे सापडते. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी लठ्ठपणाची रेषा खाली आणली: निर्देशांक २५, आणि कमरेचा घेर पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटीमीटर.

म्हणजे परिस्थिती दुहेरी चमत्कारिक आहे. ज्या तक्त्याने पैलवानावर अन्याय होतो तोच तक्ता किडकिडीत पण मेदयुक्त तरुणाला मुकाट आत घेतो. सैन्याधिकारी भरतीच्या अलीकडील अधिसूचनांत तक्त्याहून जास्त वजनाच्या उमेदवारासाठी एक सवलत आहे: त्याने राष्ट्रीय पातळीवर शरीरसौष्ठव, कुस्ती वा मुष्टियुद्ध केल्याचा लेखी पुरावा द्यावा. पण तेवढ्याने भागत नाही. कंबर व नितंब यांचे गुणोत्तर पुरुषांत ०.९ आणि स्त्रियांत ०.८ यांहून कमी हवे, आणि बॉडी मास इंडेक्सही २५ पेक्षा अधिक असता कामा नये. आपला वरचा २९ निर्देशांकाचा गडी या सवलतीच्या दारातूनही परतला! आणि राष्ट्रीय पातळीचे प्रमाणपत्र मावळातल्या तालमीत मातीत उतरणाऱ्या पोराने कोठून आणावयाचे? गावोगावच्या जत्रेत नारळावर कुस्त्या मारणाऱ्याला दाखला कोण देतो? खेळाडूंसाठी वेगळी भरती असते हे खरे. पण ती मूठभरांची. सामान्य रांगेत उभा राहिलेला दणकट पोरगा आणि सामान्य रांगेत उभा राहिलेला ढिला पोरगा यांत फरक करणारे साधन त्या खोलीत नसते.

हे साधन पुणे जिल्ह्याइतके सोयीने अन्यत्र बनणे कठीण. पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, सैन्याची शारीरिक शिक्षणाची संस्था आहे, २००१ पासून सैन्याची क्रीडासंस्था आहे. खडकवासल्यास प्रबोधिनी, लोणावळ्यास नौदल. एका वर्षाच्या प्रशिक्षणार्थींची मान, कंबर, नितंब व उंची ही मापे घ्यावीत, त्यांतील काहींची चरबी 'डेक्सा' या क्ष-किरण यंत्राने तपासावी, आणि भारतीय देहाला लागू पडणारे गुणक काढून ते प्रसिद्ध करावेत. हॉजडन आणि बेकेट यांच्यापाशी याहून फार वेगळे काही नव्हते. यांत पैशाचा प्रश्न नगण्य आहे. प्रश्न आहे तो जुना तक्ता बाजूस ठेवण्याच्या तयारीचा.

तोवर निदान एवढे व्हावे, की वजनाच्या तक्त्यावर अडलेल्या प्रत्येक उमेदवाराची कंबर व मान मोजल्यावाचून त्याला परत पाठवू नये, आणि मोजलेला आकडा त्याच्या हाती लिहून द्यावा. आज 'अनफिट' एवढा एक शब्द घेऊन पोरगा एसटीत बसतो. कशाने अनफिट, कितीने अनफिट, हे त्याला कळत नाही. मग घरी आल्यावर कोणी जेवण तोडावयास सांगतो, कोणी भाजलेले लसूण खावयास सांगतो, आणि पुढच्या खेपेला तो पाच किलो वजनाबरोबर धावण्यातली चाळीस सेकंदेही घालवून बसतो. वयाची अट सरकत नसते. दोन मापांची चिठ्ठी हाती असती, तर वजन उतरवावयाचे की नुसते पोट, हे त्याला निदान कळले असते.

जे तरुण या हिवाळ्यात धावणार आहेत त्यांनी सरकारची वाट पाहाण्याचे कारण नाही. न ताणणारी टेप कोणत्याही शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात मिळते. महिन्यातून एकदा, सकाळी, काही खाण्यापूर्वी, मित्राकरवी मान आणि कंबर मोजून वहीत लिहावी. माप स्वतःच घेऊ नये, कारण वाकून आकडा वाचताना पोट आपोआप आत जाते.